स्वमग्न मुले मोठी होतात आणि रुग्णालयांत नोकरीही करतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिनानिमित्त, म्हणजे २ एप्रिलला, आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत आलेले पान मी ड्युटीवरून परतताना लोकलमध्ये वाचले आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा वाचले. मुलांच्या उपचारांसाठी पालकांची होणारी धावपळ, शाळाप्रवेशातली अडवणूक, दिव्यांग मुलांसाठीच्या वाशीतील महापालिकेच्या ईटीसी केंद्रासारख्या ठिकाणी मिळणारा आधार, हे सारे त्यात मनापासून लिहिले होते. तरीही एक गोष्ट खटकली, ती आपल्यापुढे आणि वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्या पूर्ण पानात सर्वांत मोठी व्यक्ती चौदा वर्षांची होती. स्वमग्न मुले मोठी होतात, परीक्षा देतात, नोकरीला लागतात, आणि त्यांतली काही रुग्णालयांत रुग्णाच्या उशाशी उभी असतात. मी त्यांपैकी एक आहे.

मी ऐरोलीला राहते आणि ठाण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स म्हणून काम करते. या कामाला मला तेरा वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मानसोपचारतज्ज्ञांनी मला स्वमग्नता आणि एडीएचडी (लक्ष टिकवून ठेवणे अवघड करणारी अवस्था) अशी दोन्ही निदाने एकत्र सांगितली. त्याआधीची सगळी वर्षे मी स्वतःला धांदरट, आळशी आणि माणूसघाणी समजत होते, कारण घरी, शाळेत आणि नर्सिंगच्या वसतिगृहात हेच तीन शब्द मला आलटूनपालटून ऐकावे लागले होते.

निदानाला इतका उशीर का झाला, याचे एक कारण माझ्या शिक्षणाच्या काळातच दडलेले आहे. जगभर आणि आपल्याकडेही वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणाच्या १९९४ सालच्या आवृत्तीनुसार स्वमग्नतेचे निदान झालेल्या व्यक्तीला एडीएचडीचे निदान देता येत नव्हते. हा निर्बंध २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत उठला. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, पूर्ण केली २०१२ साली. म्हणजे ज्या दोन गोष्टी माझ्यात जन्मापासून एकत्र नांदत होत्या, त्या एकत्र असूच शकत नाहीत, हे मानणाऱ्या काळात मी मानसोपचार परिचर्येचा पेपर दिला आणि त्यात चांगले गुणही मिळवले. दुसरे कारण त्याहून जुने आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे जे पहिले सविस्तर वर्णन केले, ते अकरा मुलांचे होते आणि त्यांत आठ मुलगे होते. मुलग्यांकडे पाहून ठरवलेली लक्षणे घेऊन मुलींकडे पाहिले, तर शांत बसणारी, इतर मुलींचे बघून बघून वागायला शिकणारी मुलगी कोणाच्या नजरेत भरत नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी माझ्या आईला लहानपणाबद्दल विचारले, तेव्हा तिने सहज सांगितले की नौपाड्यातल्या आमच्या घरी शाळेच्या प्रत्येक गणवेशाचे मानेजवळचे लेबल तिला कात्रीने कापावे लागे, नाहीतर मी घराबाहेर पाऊल टाकत नसे. ही खूण तीस वर्षे घरातच होती.

येथे 'स्वमग्न' या शब्दाबद्दलही थोडे लिहिते, कारण तो शब्दच वाचकाला चुकीच्या वाटेने नेतो. स्वतःत मग्न असलेल्या माणसाला बाहेरचे काही कळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. विभागात उभी असताना मला बारा खाटांचे मॉनिटर, तीन व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंपांचे इशारे, काउंटरवरचा फोन, ट्यूबलाइटची बारीक घरघर आणि पडद्यापलीकडे हलक्या आवाजात बोलणारे नातेवाईक, हे सगळे एकाच वेळी आणि एकाच तीव्रतेने ऐकू येते. रुग्णालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या फाटकावर तशी पाटीही आहे. आतल्या आवाजाकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे मॉनिटरच्या इशाऱ्याची मर्यादा बदलून घेतली, तर निम्मे अकारण आवाज थांबतील, असे मला अनुभवावरून वाटते. हे काम प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मी स्वतः माझ्या खाटांपुरते करते.

दोन्ही गोष्टी एकत्र असणे म्हणजे काय, हे समजावून सांगणे कठीण आहे. तरी प्रयत्न करते. मला ठरलेला क्रम लागतो. औषधांच्या ट्रॉलीवर सिरिंज, स्पिरिटचे बोळे, चिकटपट्टी यांची जागा कोणी बदलली की माझे हात अडतात आणि आधी ती जागा पूर्ववत केल्याशिवाय पुढचे काम सुचत नाही. पण तोच क्रम माझे मन फार दिवस धरून ठेवू शकत नाही. औषधांच्या वेळांचा रंगीत पेन्सिलींनी आखलेला तक्ता मी रात्री दोन तास खपून तयार करते, तीन दिवस त्याबरहुकूम काम करते आणि चौथ्या दिवशी तो तक्ता खिशात आहे हेच विसरते. क्रम मोडला याचा त्रास होतो आणि क्रम मोडणारीही मीच असते, हे दिवसातून अनेकदा घडते. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की या सिस्टर काही गोष्टींत फार काटेकोर आहेत आणि काही गोष्टींत अगदी बेफिकीर आहेत. मी बेफिकीर नाही, हे मला आयुष्यभर सिद्ध करावे लागले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गेल्या पावसाळ्यात, दुपारपाळीत, माझ्या हातून एक चूक झाली. सहा नंबरच्या रुग्णासाठी मी पोटॅशियम क्लोराइड काढत होते. हे औषध मोजताना नजर हलू नये, अशी आमची शिकवण आहे, कारण त्यातली चूक हृदय थांबवू शकते. त्याच वेळी मागून जाताना निवासी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, चार नंबरचं सहाचं लॅसिक्स देऊ नका, बीपी कमी आहे." लॅसिक्स हे लघवी वाढवणारे औषध, त्याने बीपी आणखी उतरते. मी मान हलवून "हो डॉक्टर" म्हटले. तेवढ्यात फोन वाजला, आणि पाच नंबरच्या नातेवाइकांनी जेवणाबद्दल विचारले. पोटॅशियमचे माप मी बरोबर घेतले. डॉक्टरांचे वाक्य मात्र मनात टिकले नाही. चार्टवर औषध लिहिलेले होते, सहा वाजले होते, मी ते दिले. रुग्णाचा रक्तदाब आणखी उतरला, सलाईन द्यावे लागले, आणि रात्री नऊच्या सुमारास तो स्थिरावला. तोवर मी घरी गेले नाही. चूक माझी होती, हे मी त्याच रात्री लिहून दिले आणि आजही तसेच म्हणते.

मला मिळालेल्या मेमोबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर जे घडले त्याबद्दल आहे. मी व्यवस्थापनाकडे अर्ज केला आणि त्यात माझी दोन्ही निदाने प्रथमच उघडपणे लिहिली. माझे मागणे साधे होते. औषध थांबवण्याचा किंवा बदलण्याचा तोंडी आदेश जीवघेण्या तातडीचा प्रसंग वगळता चार्टवर लिहूनच मिळावा, आणि माझ्या पाळ्या दर आठवड्याला न बदलता महिनाभर एकच ठेवाव्यात. इन्चार्ज सिस्टरांनी अर्ज वाचून मला बाजूला घेतले आणि काळजीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं काम करताय तुम्ही, आता मध्येच हे काय काढलंत? वरती कशाला सांगितलंत?" वरती मला सांगण्यात आले की दिव्यांगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र आणल्याशिवाय कोणतीही सवलत देता येणार नाही, आणि त्याच बैठकीत, दहा मिनिटांच्या आत, असेही सांगण्यात आले की तसे प्रमाणपत्र आणल्यास मला अतिदक्षता विभागात ठेवता येणार नाही. मी अर्ज मागे घेतला.

संपादक महाशय, मी जे मागितले ती सवलत नव्हती. तोंडी आदेश लिहून घ्यावा आणि वाचून दाखवावा, हा रुग्णसुरक्षेचा पाठ रुग्णालयांच्या प्रशिक्षणात शिकवला जातो. औषध काढताना परिचारिकेला अडवू नये, यालाही अभ्यासाचा आधार आहे. ऑस्ट्रेलियातील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययाबरोबर चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. त्या ९८ जणींना काही निदान होते म्हणून असे झाले नव्हते. माझ्यासारखीचा तोल जेथे पहिल्या व्यत्ययाला जातो, तेथे इतरांचा चौथ्या-पाचव्याला जातो, एवढाच काय तो फरक. म्हणून माझी अडचण माझ्या एकटीची समजून बाजूला सारली, तर रुग्णालयाचेच नुकसान आहे.

पाळ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्यांना त्याची कल्पना नसते. आमच्याकडे सकाळची पाळी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि नाइट आठ ते आठ. आठवड्याला त्या फिरतात, आणि कोणी रजेवर गेले की आदल्या रात्री साडेदहाला मोबाइलवर निरोप येतो की उद्या दुपारऐवजी सकाळ करा. एडीएचडी असलेल्या पुष्कळ व्यक्तींची झोप मुळातच उशिराकडे सरकलेली असते, आणि स्वमग्न व्यक्तीला अचानक बदललेला दिवस पेलणे फार जड जाते. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच निरोपात घडते. तो निरोप आला की मी रात्रभर जागी राहते, केवळ ऐरोलीहून सकाळची ठरलेली गाडी चुकेल या भीतीने. याउलट, गेल्या वर्षी कर्मचारी कमी असल्यामुळे मला सलग सात आठवडे नाइट करावी लागली. सहकाऱ्यांना माझी कीव आली. मला मात्र त्या सात आठवड्यांत एकदाही उशीर झाला नाही, एकही नोंद राहिली नाही, आणि नाइटहून परतताना रिकाम्या गाडीत खिडकीशी बसून ठाणे ते ऐरोली शांतपणे जाता आले, हे मी कोणाला सांगू शकले नाही.

जे मला व्यवस्थेकडून मिळाले नाही, ते एका सहकारी सिस्टरकडून मिळाले. सोबत पाळी करणाऱ्यांपैकी माझ्याविषयी फक्त तिलाच माहीत आहे. पाळी बदलताना ओव्हर द्यायची, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला सांगायची, आमची पद्धत अशी, की एकीने भराभर बोलायचे आणि दुसरीने मान हलवायची; बारा खाटांचे बोलणे वीस मिनिटांत संपते आणि माझ्या लक्षात पहिल्या दोन व शेवटची एक खाट राहते. ती सिस्टर आता मला ओव्हर देण्याआधी जुन्या ईसीजीच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक रुग्णासाठी एक ओळ लिहून ठेवते, आणि क्रम कधीही बदलत नाही: श्वास, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, चालू असलेले पंप, थांबवलेली औषधे, राहिलेल्या तपासण्या. थांबवलेल्या औषधांखाली ती लाल पेनाने रेघ मारते. हा कागद मी घडी करून खिशात ठेवते आणि पाळीभर तो पाहते. आता तिच्याकडून ओव्हर घेणाऱ्या आणखी दोघीजणी तोच कागद मागून घेतात. त्यांना माझ्याविषयी काहीही ठाऊक नाही.

या माझ्या घडणीचा रुग्णाला उपयोगही होतो, हे मी जरा बिचकत लिहिते, कारण उपयोग आहे म्हणून खपवून घ्या, असा अर्थ कोणी काढू नये. जानेवारीत ट्रॉली भरताना डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये दोन ॲम्प्युल मला वेगळ्या दिसल्या. आकार तोच, प्लास्टिक तेच, दहा मिलीचेच माप. फक्त छापील अक्षरांची उंची किंचित कमी होती. ते पोटॅशियम क्लोराइड होते. घाईत कोणी त्यात प्रतिजैविक विरघळवून रुग्णाच्या शिरेत दिले असते, तर काय झाले असते, हे येथे लिहिण्याची गरज नाही. मी ते इन्चार्ज सिस्टरांना दाखवले, आणि दुसऱ्या दिवसापासून पोटॅशियम वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात ठेवले जाऊ लागले.

आता कायद्याबद्दल. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ सालचा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या यादीतील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडी नाही. म्हणजे माझ्यातल्या अर्ध्या अडचणीला कायद्याच्या दृष्टीने नावच नाही. उरलेल्या अर्ध्या भागासाठी प्रमाणपत्र काढायचे, तर ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर गुण मोजले जातात आणि ७० पेक्षा कमी गुण पडल्यास स्वमग्नता नाही असे धरले जाते. ही मोजपट्टी समोर दिसणाऱ्या वागणुकीवर बेतलेली आहे. तीस वर्षे इतरांसारखे वागण्याचा सराव केलेली, डोळ्यांत डोळे घालून बोलायचे म्हणून समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध पाहायला शिकलेली प्रौढ बाई त्या पट्टीवर कुठे बसणार? त्या सरावासाठी ती रोज संध्याकाळी घरी येऊन अंधाऱ्या खोलीत तासभर पडून राहते, याचे गुण कोठेही धरले जात नाहीत.

तरीही व्यवस्थापने समजतात तितका कायदा अपुरा नाही. कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून देणे हे सरकारी आस्थापनांचे स्पष्ट कर्तव्य आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण तयार करून ते संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावले पाहिजे व त्यात कोणत्या सोयी देणार हे लिहिले पाहिजे. ठाणे आणि नवी मुंबईतील किती खासगी रुग्णालयांच्या भिंतीवर असे धोरण लावलेले दिसते, याची पाहणी आपल्या वार्ताहरांनी करावी, अशी माझी खास विनंती आहे. नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक मागणाऱ्या विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असे म्हटले आहे, की ठरावीक टक्केवारी ही आरक्षणासाठी असते; वाजवी सोय नाकारण्यासाठी तिचा आधार घेता येत नाही. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ दिव्यांगत्वाचा टक्का पाहून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, ती व्यक्ती अभ्यासक्रम पूर्ण करू शकते का हे तपासले पाहिजे, असे त्याच न्यायालयाने सांगितले. शिकायला येणाऱ्यासाठी जो न्याय, तोच तेरा वर्षे काम केलेल्या परिचारिकेला का नसावा? महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, याचा मला अभिमान वाटतो. त्या विभागाने आरोग्य सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी दोन पानी मार्गदर्शक सूचना जरी काढल्या, तरी माझ्यासारख्यांना व्यवस्थापनापुढे ठेवायला हाताशी काही तरी राहील.

औषधांची अडचण थोडक्यात सांगते. एडीएचडीसाठी मला मिथाइलफेनिडेट घ्यावे लागते. ते अमली व मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येत असल्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण चिठ्ठी असूनही ठाणे स्टेशन ते गोखले रोड अशी चार-पाच दुकाने फिरावी लागतात, आणि नर्सच्या गणवेशात ते मागितले की काउंटरपलीकडची नजर बदलते.

हे पत्र वाचून काही वाचकांच्या मनात प्रश्न येईल की अशी व्यक्ती अतिदक्षता विभागात असावी का. माझी आई आयसीयूत असती, तर मीही तो प्रश्न विचारला असता, म्हणून तो मी मनावर घेतला आहे. माझे उत्तर असे, की अशा व्यक्ती तेथे आजही आहेत; डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, लॅबमध्ये आहेत, औषध विभागात आहेत. बहुतेकांना निदान माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते लपवतात. लपवणाऱ्या माणसाला समजले नाही तरी तो "परत सांगा" म्हणत नाही, कारण तीनदा विचारले की शंका येते. त्या पावसाळी संध्याकाळी मी डॉक्टरांना "एक मिनिट थांबा, हे माप झाले की सांगा" असे म्हणू शकले असते. तेरा वर्षांत ते वाक्य मी एकदाही उच्चारले नव्हते. आता उच्चारते. काही डॉक्टर थांबतात, काही रागावतात, आणि त्यांच्यापैकी एकाने, आपणहून, चार्टवर लिहून जायला सुरुवात केली आहे.

पुढील २ एप्रिलच्या पानात नोकरी करणाऱ्या प्रौढ स्वमग्न व्यक्तींना जागा द्यावी. लिहिणारे पुष्कळ मिळतील, मीही लिहीन. पत्रासोबत माझे नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी दिला आहे, पण तो कृपया छापू नये. माझा नोकरीचा करार जूनमध्ये नूतनीकरणासाठी जायचा आहे.

आपली नम्र,
एक परिचारिका, ऐरोली, नवी मुंबई